रुखवतवाली मोठी आई

लग्नांवर इतका जीव टाकणारी आणि नवरानवरीकडे ढुंकूनही न बघणारी दुसरी बाई अख्ख्या वऱ्हाडात झाली नसेल. ही माझ्या नवऱ्याची मोठी आई, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या थोरल्या भावाची बायको. मूर्तिजापुरात सगळे तिला मोठी आईच म्हणत, तिच्याहून वयानं वडील असलेली माणसंसुद्धा. मांडवात शिरल्यावर ती मुहूर्त विचारत नसे की पाहुणे कुठले ते विचारत नसे, चपला काढायच्या आत तिचा एकच प्रश्न असे, "रुखवत कुठी मांडलं?" त्या टेबलापाशी एकदा पोचली की मंगलाष्टकं होऊन पंगती उठेपर्यंत तिथून हलायची नाही. दुसऱ्या कुणी केलेलं रुखवत असेल तर एकेक वस्तू उचलून, उलटी करून, खालचा टाका बघायची. माझी आणि तिची पहिली भेट अशीच झाली. अमरावतीला माझं लग्न लागत होतं, मी हातात हार घेऊन अंतरपाटामागे उभी होते, भटजींनी श्वास घ्यायला एक क्षण थांबावं आणि नेमक्या त्याच क्षणी मांडवाच्या कोपऱ्यातून खणखणीत आवाज यावा, "हा हंस हाय का बदक? मान कुठी गेली ह्याची?" तो हंस मी स्वतः मोती ओवून केला होता. सासरी आल्यावर सत्यनारायणाची पूजा झाली न झाली तोच मोठी आई तो हंस घेऊन माझ्यापुढे बसली, माझ्यादेखत तिनं त्याची मान उसवली आणि मोती माझ्या ओंजळीत ओतले. "आता ओव पुन्हा. मी येथीच बसते." सासरचं माझं पहिलं काम ते. दुपार कलली तेव्हा कुठं मान उभी राहिली. मोठी आईनं हंसाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "उद्यापासून मंडळात ये."

मंडळ म्हणजे मारुतीच्या देवळामागची टिनाची खोली. उन्हाळ्यात तिथं भाकरी शेकली असती. एकदा सरकारी जीपमधून एक बाई आली होती. गट करा, पापड करा, मसाले कुटा, असं तिनं फार गोड आवाजात समजावलं. मोठी आईनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "पापड तर घरोघरी लाटतात वं माय. पोरीच्या रुखवताची आगगाडी घरोघरी होते का?" ती बाई चहा न घेताच गेली. तेव्हापासून मंडळात फक्त रुखवत होऊ लागलं. लोकरीची तोरणं, सुपारीची बैलगाडी, नारळाला नऊवारी नेसवून केलेली बाई, फुटक्या बांगड्यांचा मोर, आणि या सगळ्यांच्या मधोमध सरगुंड्यांनी आणि कुरडयांनी भरलेली परात. जगातली कुठलीही वस्तू मोठी आईच्या हाती लागली की ती आधी डोळ्यांपासून लांब धरायची, मग मान तिरकी करायची. एवढं झालं की ती वस्तू परत मिळत नसे. औषधाच्या बाटल्यांची झाकणं रुखवतातल्या कारंज्याला लागली, आमच्या घरातली साबणाची डबी रेल्वेत भरती झाली. मोठे बाबा, म्हणजे तिचे यजमान, जंक्शनवरून रिटायर झालेले, फार अबोल गृहस्थ. त्यांच्या चष्म्याचं घर एकदा वधूपित्याच्या बंगल्याचं छत होऊन गेलं. तेव्हापासून आपल्या प्रत्येक वस्तूवर ते शाईनं स्वतःचं नाव लिहून ठेवत. मोठी आई त्यावर टिकल्या चिकटवायची.

प्रमाण नावाची गोष्ट तिला मान्य नव्हती. तिचे बैल घरापेक्षा उंच असत आणि विहिरीतून पाणी काढणारी बाई विहिरीत मावली नसती. तिची सगळ्यांत लाडकी वस्तू म्हणजे शकुंतला, आमच्याकडची ती छोट्या रुळांवरची गाडी. डबे साबणाच्या डब्यांचे, उतारू भुईमुगाच्या शेंगांचे, प्रत्येक शेंगेला डोळे नि टोपी. इंजिनाच्या डोक्यावर सरकी काढलेल्या कापसाचा भलामोठा धूर. मोठे बाबा एकदा धीर करून म्हणाले होते की गाडी आता डिझेलवर चालते, असा धूर निघत नाही. मोठी आई म्हणाली, "तुमच्या रेल्वेत निघत नसन. रुखवतात धूर पाह्यजे." माझं अक्षर बरं म्हणून वस्तूंपुढच्या पाट्या लिहायचं काम माझ्याकडे आलं. मी हौसेनं ओळी जुळवायची. शकुंतलेसाठी लिहिलं होतं: "साबणाची आगगाडी, कापसाचा धूर, माहेर राहिलं मागं, सासर नाही दूर." मोठी आईनं ते दोनदा वाचून घेतलं. "दूर नाही काहून? चांगलं दर्यापूरच्या पल्याड हाय पोरीचं घर. खोटं लिहू नोको." मग माझ्या सगळ्या पाट्यांच्या खाली तिनं आपल्या हातानं एक ओळ घातली, आणि तीच ओळ पुढं तालुक्यात प्रसिद्ध झाली: हात लावू नये.

तिचा एक नियम होता. नवरीनं स्वतः निदान एक वस्तू केलीच पाहिजे. कितीही श्रीमंताची पोरगी असो, तिला या टिनाखाली येऊन बसावं लागे, आणि टाका चुकला की उसवावं लागे. पोरी रडत. आया चिडत. नसीमआपा मध्ये पडत. या मंडळातल्या सगळ्यांत जुन्या सभासद. त्यांच्या यजमानांचं शिंप्याचं दुकान, त्यामुळे चिंध्या, किनारी, जरीचे तुकडे सगळं त्यांच्याकडून येई. मोठी आईचं आणि त्यांचं रोज भांडण व्हायचं, बहुतेक रंगावरून. "हिरवा लाव," नसीमआपा म्हणायच्या. "तुले तर सगळंच हिरवं दिसते," मोठी आई म्हणायची. "अन् तुले पिवळ्याबिगर काई दिसत नाई. कावीळ हाय का तुले?" भांडण झालं की दोघी एकाच डब्यातून जेवायला बसत. नसीमआपांनीच एकदा नवरीच्या नियमाबद्दल विचारलं होतं, की कशाला छळते पोरींना? मोठी आई लोकर गुंडाळत म्हणाली, "तिथी गेल्यावर रडू येईन पोरीले, तर पाहाले काही पाह्यजे का नाही ओळखीचं? सासूचं तोंड पाहीन का?"

मग ती वर्षं आली. पाऊस हवा तेव्हा यायचा नाही आणि नको तेव्हा खळ्यात शिरायचा. हिरवंगार दिसणारं बोंड फोडलं की आत अळी. तुळशीच्या लग्नानंतर ठरलेली लग्नं अक्षय्य तृतीयेवर जायची आणि तिथून पुढच्या सालावर. पूर्वी रुखवताला टेबलांची रांग लागायची, ती आखडत आखडत एका टेबलावर आली. गंमत म्हणजे, गंमत कसली, मंडळातल्या बायका मात्र वाढल्या. आसपासच्या खेड्यांतून बायका यायला लागल्या, ज्यांच्या घरी लग्नाची पोर नव्हती अशासुद्धा. घरातला माणूस भिंतीकडे बघत बसलेला. त्याच्याकडे बघत आपण तरी किती बसायचं? इथं निदान हातांना काम होतं. रोज कुठल्या ना कुठल्या गावची बातमी कोणीतरी घेऊन येई. बाहुल्यांसाठी कागदाचा लगदा करायला आमच्याकडे वर्तमानपत्रांची रद्दी येत असे, आणि एखादी बाई फाडता फाडता थांबायची, कागद डोळ्यांजवळ न्यायची, गावाचं नाव वाचायची. मोठी आईचं लक्ष असे. "वाचू नोको, फाड," ती म्हणायची. आम्ही फाडायचो, भिजवायचो, कुटायचो. त्या लगद्याच्या नवऱ्या आणि वरमाया व्हायच्या. कुणी हुंदका दिला तर मोठी आई समजूत घालत नसे, तिला ते येतच नव्हतं. ती लोकरीचा एक भयंकर गुंता त्या बाईच्या मांडीवर टाकायची आणि म्हणायची, "हे सोडव." संध्याकाळपर्यंत बाई त्या गुंत्यात गुंतलेली असे. इतके गुंते या खोलीत रोज होतात कसे, याचं मला नवल वाटायचं. नसीमआपांनी एकदा माझ्या कानात सांगितलं, "अवं, सकाळी घरी बसून तीच करते."

माया या मंडळातच मोठी झाली म्हटलं तरी चालेल. तिचे वडील स्टेशनवर ऑटो चालवायचे, शेतीशी त्यांचा काही संबंध नव्हता. मुलगी हसरी, बोटं चपळ, मोठी आईच्या शिव्या न खाता तोरण विणणारी ती एकटीच. तिचं साक्षगंध झालं दर्यापूर रस्त्यावरच्या एका खेड्यातल्या मुलाशी. देवानंद त्याचं नाव, थोडी शेती, आई आणि तो एवढंच घर. लग्न दिवाळीनंतर. त्या मुलानं एक जगावेगळी गोष्ट केली. बाजाराच्या दिवशी तो मोटारसायकल घेऊन सरळ आमच्या खोलीच्या दारात आला आणि म्हणाला, "मले रुखवत पाह्याचं हाय." बायकांनी तोंडाला पदर लावले. मायेनं लोकरीत मान घातली. मोठी आई उठून दारात आडवी उभी राहिली, "लग्नाच्या आधी नवरदेवानं रुखवत पाहू नये. कोणं शिकवलं तुले?" तो तिच्या खांद्यावरून आत डोकावत होता. सुपारीची गाडी त्याला दिसली. "मोठ्या आई," तो म्हणाला, "एवढाले बैल असते तर टॅक्टर काहून लागलं असतं आमाले?" आम्हाला वाटलं आता संपलं. पण मोठी आई बाजूला झाली. "ह्या पोट्ट्याले वस्तूची नजर हाय," असा तिनं निकाल दिला, आणि त्याला बसवून थर्माकोल घासायला लावलं. त्यानंतर तो दर बाजाराला यायचा, कधी झोपडीसाठी पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या झाडाच्या, वाळक्या काड्या घेऊन, कधी नुसताच. मायेशी बोलायची त्याला परवानगी नव्हती. तो मोठी आईशी बोलायचा आणि माया ऐकायची. "मोठ्या आई, आमच्या घराले दोन खिडक्या हायेत," असं तो उगीचच सांगायचा. मायेचं तोरण तेवढं लांब होत जायचं.

त्या साली कपाशी डोक्याच्या वर गेली होती. भादव्यातली दमट हवा, वारा बिलकुल नाही. पाठीवर पंप घेऊन तो फवारणीला गेला. वरच्या पानांवर मारलेलं औषध तोंडावर, डोळ्यांत येत होतं. दुपारी घरी आला तो भिंत धरत आला. डोळ्यांना दिसत नाही म्हणाला. अकोल्याच्या दवाखान्यात नेलं. तिथून त्याला परत आणलं ते मातीसाठी. मायेचे वडील जाऊन आले. मायेला कोणी नेलं नाही. ती कोण म्हणून जाणार होती?

दिवसवार झाल्यावर माया मंडळात आली. नेहमीच्या जागी बसली, सुई ओवली. मोठी आईनं तिच्यापुढं दुसऱ्या एका मुलीच्या रुखवताचा रुमाल टाकला, वरची वेल भरायला. संध्याकाळी त्या मुलीची आई आली, रुमाल बघितला, कोणाच्या हातात आहे ते बघितलं, आणि मोठी आईला बाजूला बोलावलं. बाजूला म्हणजे कुठं, खोली केवढी. आम्हाला सगळं ऐकू आलं. "मोठ्या आई, वाईट वाटून घेऊ नका. आमच्या पोरीच्या संसाराचा प्रश्न हाय. तिचा हात लागलेलं काही नको आमाले." मी मोठी आईकडे पाहिलं. हिच्या तोंडाचा पट्टा आता सुटणार असं वाटलं. पण तिनं टोपली घेतली, त्या मुलीचं अर्धंमुर्धं रुखवत, बांगड्यांचा मोर, कापूस न भरलेला हत्ती, सगळं नीट कागदात गुंडाळून भरलं आणि ती टोपली त्या बाईच्या हातात दिली. "घरीच करा," म्हणाली. "आमचा हात लय वाईट हाय."

हे गावात पसरायला वेळ लागला नाही. बायका हळूहळू कमी झाल्या. कोणी भांडलं नाही, सगळ्या फार गोडीनं गेल्या. एकीचे गुडघे दुखायला लागले. एकीला मोतीबिंदू झाला, तो तिला बाजारात भाजी निवडताना आड येत नव्हता. एकीनं सांगितलं की नवरा नको म्हणतो, आणि तो नवरा पुण्याला मुलाकडे होता. मोठी आई प्रत्येकीला दारापर्यंत पोचवायला जायची आणि प्रत्येकीला तिच्या आजारावर खरंच औषध सांगायची. दिवाळीपर्यंत त्या खोलीत आम्ही चौघीच उरलो: मोठी आई, नसीमआपा, माया आणि मी. आयुष्यभर जोडलेलं मंडळ असं डोळ्यांदेखत रिकामं झालं. मी एकदा म्हटलं, "मोठ्या आई, मायेला काही दिवस घरीच विणायला दिलं तर?" तिनं सुईतला दोरा दातानं तोडला. "अन् मंग ही खोली कोणासाठी उघडू? त्या बायाईसाठी?" तेवढंच. पण त्या दिवशी ती पिवळा की हिरवा यावर नसीमआपांशी भांडली नाही. म्हणाली, "लाव तुले पाह्यजे तो." नसीमआपांना रडू आलं.

कोपऱ्यात जुन्या साडीखाली मायेचं रुखवत झाकून ठेवलेलं होतं. त्याचं काय करायचं ते कुणालाच कळत नव्हतं. दुसऱ्या लग्नात त्यातला दोराही कोणी घेतला नसता. नसीमआपा म्हणाल्या, "उसवून टाकू, मोती तर मोती हाय." माया तेव्हा पहिल्यांदा बोलली. "मले एक डाव तिथी जायचं हाय." तिनं हातातली सुई खाली ठेवली. "त्याची माय कशी हाय ते पाह्याचं हाय. पण कोण म्हणून जाऊ?" मोठी आईनं साडी ओढून बाजूला केली. "रुखवत पोचवाले जाऊ," ती म्हणाली. "नवरीकडचंच हाय, त्याईच्याच घरचं हाय. उगाच आपल्याकडं पडून हाय."

मायेच्या वडिलांचा ऑटो. मागं आम्ही तिघी, मांडीवर रुखवत. शकुंतला माझ्या मांडीवर, नारळाची बाई नसीमआपांच्या, सुपारीची गाडी मायेच्या. मोठी आई पुढं, मायेच्या वडिलांच्या शेजारी, हातात सरगुंड्यांची परात. सरगुंडे सकाळीच ताजे केलेले होते. रस्त्यावरचा प्रत्येक खड्डा आला की ती ओरडायची, "धूर सांभाळ!" दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला होता आणि बऱ्याच ठिकाणी तो वेचायला माणूस नव्हतं. वाटेतल्या खेड्यातली पोरं आमच्या मागं धावली, त्यांना वाटलं वरात आहे. मला फार भीती वाटत होती. त्या माऊलीनं आम्हाला दारातूनच हाकललं असतं तर तिची काही चूक नव्हती.

ती उंबऱ्यात बसून मूग निवडत होती. मायेहून थोडीच जाड, डोक्यावरून पदर, चेहरा असा की त्यावर आता काही उमटायचं राहिलेलं नाही. तिनं मान वर केली, आमच्या मांड्यांवरच्या वस्तू बघितल्या आणि मग माया बघितली. मोठी आई खाली उतरली. इतकी वर्षं मी तिला ओळखत होते. लोकांच्या दुःखात काय बोलावं हे तिला कधीच कळलं नव्हतं, तेव्हाही कळलं नाही. "तुमचं सामान आमच्याकडं राह्यलं होतं," ती म्हणाली. "आणलं." बाईनं मुठीतले मूग सुपात टाकले. मग तिनं सूप बाजूला ठेवलं. "आत आना," म्हणाली.

आत एक लोखंडी खाट होती, तिच्यावर गादी गुंडाळलेली. ती त्याची खाट असणार. बाईनं गादी उचलून भिंतीला लावली, ट्रंकेतून धुतलेली चादर काढून खाटेवर अंथरली आणि बाजूला झाली. आम्ही मांडायला लागलो. शेजारच्या बायका दारात जमल्या. एका म्हातारीनं हलकेच विचारलं, "हे काय हाय व?" झालं. मोठी आईला राहवलं नाही. तिची ती नेहमीची, मांडवात द्यायची माहिती सुरू झाली, तसाच खणखणीत आवाज: ही शकुंतला, हे डबे, ह्या शेंगा म्हणजे पाशिंजर, ही गाडी सुपारीची, बैल मुद्दाम मोठे केलेत, ही झोपडी, हिच्या काड्या, असं म्हणून ती थांबली. काड्या कोणी आणल्या होत्या ते तिला तेव्हा आठवलं असावं. ती नुसती झोपडीकडे बोट दाखवत उभी राहिली. मग त्या आईनंच वाकून झोपडी न्याहाळली. "आमच्याच वावरातल्या हायेत," ती म्हणाली. "घेऊन जाय तो. मी म्हनो, चुलीच्या काड्या कुठी नेतं रे." आणि ती हसली. खरंच हसली, पदर तोंडाला लावून. मग मायेकडे वळली. "तुह्या हातचं कोनतं?" मायेनं तोरण पुढं केलं. बाईनं ते उलगडलं; ते उलगडतच राहिलं, दाराला पुरून भिंतीवर उतरेल एवढं लांब. ती ते घेऊन दाराकडं निघताच म्हातारी म्हणाली, "वर्स तं होऊ दे, बाई." त्याची आई म्हणाली, "लग्नाचं तोरन हाय. बांधू द्या." खिळे जुनेच होते. एक टोक तिनं धरलं, एक मायेनं. तोरण बांधून झालं आणि माया त्या उंबऱ्यात बसून जी रडली ती आम्हाला आवरेना. त्या आईनं तिला जवळ घेतलं. मोठी आई बाहेर जाऊन मायेच्या वडिलांना ओरडत होती की ऑटो उन्हात काहून लावला.

त्यानंतर बाजाराच्या दिवशी ती आई एसटीनं मूर्तिजापूरला येऊ लागली. भाजी, मीठ घेऊन झालं की आमच्या खोलीत येऊन बसायची. तिला काहीच येत नव्हतं, सुईत दोरा ओवता येत नव्हता. मोठी आईनं तिला कधी शिकवलं नाही, कधी उसवायला लावलं नाही, काही विचारलंही नाही. तिच्यापुढं चिंध्यांचं गाठोडं ठेवायची, आणि ती आई त्या घड्या घालत बसायची. परतीच्या बसची वेळ झाली की उठायची. तिनं घातलेल्या घड्या नसीमआपा दुसऱ्या दिवशी मोडायच्या, म्हणजे पुढच्या बाजाराला काम राहील.

मायेचं लग्न पुढं झालं, अकोटच्या जिनिंगमध्ये कामाला असलेल्या एका शांत मुलाशी. त्याला सगळं सांगितलेलं होतं. सामुदायिक विवाह होता, एका मांडवात पुष्कळ जोडपी, आणि रुखवताला जागा नाही असं आयोजकांनी स्पष्ट सांगितलं. मोठी आई त्यांच्या मागं मागं फिरली. "एक टेबल द्या. एकच." शेवटी कंटाळून त्यांनी पाण्याच्या टँकरशेजारी एक टेबल दिलं. तिनं त्यावर एक रुखवत मांडलं आणि सगळ्या नवरी मुलींना हाताला धरून आणून दाखवलं, "हे तुहं. हे तुहंही." पाठवणीच्या वेळी टँकरच्या मागं देवानंदची आई मला दिसली. अक्षता टाकून झाल्यावर ती तिथं येऊन उभी राहिली होती. माया तिच्या पाया पडली, आणि ती तिला म्हणाली, "जाय, माय. गाडी सुटीन तुही."

मोठी आईच्या डोळ्यांनी त्यानंतर दगा दिला. ती बोटांनी मोती चाचपून ओवायची. हंस हिरवे व्हायला लागले. नसीमआपा रंगाचं नाव न काढता म्हणायच्या, "बहोत अच्छा झाला." नव्या लग्नांत रुखवतही दुकानातून तयार यायला लागलं होतं, चकचकीत, सगळं एकसारखं. कुणी तिला ते वर्णन करून सांगितलं तर ती ऐकून घ्यायची आणि विचारायची, "अन् उलटं करून पाह्यलं का?" एका चैत्रात, दुपारी, ती गेली. देवळाच्या लोकांना खोली परत हवी होती. मी आवरायला गेले तो बाजाराचा दिवस होता हे माझ्या लक्षातच नव्हतं. देवानंदची आई मिठाची पिशवी घेऊन दारात उभी. तिला कोणी कळवलं नव्हतं. मी सांगितलं. ती पायरीवर बसली. पिशवी मांडीवर घेऊन तिनं विचारलं, "जेवून गेली ना?" मी म्हटलं, "हो. वरणभात खाल्ला, हात धुतला, आणि जरा पडते म्हणाली." "मंग बरं हाय," ती म्हणाली. उठताना तिनं पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "मंग आता बाजाराच्या दिवशी मी कुठी येऊ?"

मी तिला घर दाखवून ठेवलं. पुढच्या बाजाराला ती आली. मी चहा केला. ओसरीवर आम्ही दोघी समोरासमोर बसलो, रस्त्यावरून बाजारची माणसं जात होती. कप रिकामे झाले, ती आपला पदर चाचपत होती, मी उगीच कपाचा कान फिरवत होते. हातात काहीतरी असतं तर बरं झालं असतं, असं दोघींनाही वाटत असावं. मग बसची वेळ झाली.